काढा आधी की साखर-मिठाचं पाणी?

प्रश्न : सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. घरात यजमान, सासू-सासरे आणि अडीच वर्षांचा मुलगा. यंदाच्या पावसाळ्यात मुलाला दोनदा जुलाब झाले. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही. दोन दिवस झाले तरी जुलाब चालूच राहिले. मग सासूबाईंनी सहाणेवर जायफळ आणि कुड्याची साल उगाळून चाटवली. त्या रात्री मूल शांत झोपलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबले. ‘शेवटी आपलंच औषध लागू पडलं,’ असं घरात ठरून गेलं. सासऱ्यांचं वय सत्तरीपुढचं, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पोट बिघडलं की ते कुटजारिष्ट (कुड्याच्या सालीचं आंबवून केलेलं औषध) आणि बेलाचं सरबत घेतात. यजमानांचं म्हणणं, आयुर्वेदिक औषधांना साइड इफेक्ट नसतात. या सगळ्याबद्दल डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो आणि सासूबाईंना ‘नको’ म्हणवत नाही. त्या विचारतात : झाडपाल्याच्या औषधांनी जुलाब खरंच बरे होतात का? आणि दोन्हींपैकी निवडायचं तरी कोणतं?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी आधी थांबू या. ‘दोन दिवस औषध दिलं, तरी जुलाब थांबले नाहीत.’ जुलाबाचं औषध म्हणजे जुलाब थांबवणारं औषध, असं यात तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक घरांत हेच धरून चालतात आणि लहान मुलांच्या बाबतीत सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अडीच वर्षांच्या मुलाचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. ते साधारण तीन ते सात दिवस चालतात आणि आपोआप ओसरतात. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं नाही. तो निष्काळजीपणा नव्हता, योग्य निर्णय होता. आता हिशेब बघा. पहिले दोन दिवस जुलाब जोरात असतात, त्याच दिवसांत आपण घाबरतो आणि दुसऱ्या रात्री हाताशी असेल ते देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजार ओसरायला लागतो आणि श्रेय शेवटी दिलेल्या औषधाला मिळतं. त्या रात्री जायफळाऐवजी दुसरं काहीही चाटवलं असतं, तरी बहुधा हेच झालं असतं. यावरून सासूबाईंचं औषध निरुपयोगी ठरत नाही. ते उपयोगी ठरलं, असंही मात्र या एका प्रसंगावरून म्हणता येत नाही.

जुलाबात मूल दगावतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पहिला प्रश्न ‘शी कधी घट्ट होईल’ हा नसतो. जेवढं बाहेर गेलं तेवढं आत गेलं का, हे आधी बघायचं असतं. आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम एकत्रच आत घेणारी एक वाट असते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत शोषलं जातं. विषाणूजन्य जुलाब असोत की कॉलरा, ही वाट बहुतांशी शाबूत राहते. ओआरएस नेमका त्याच वाटेचा उपयोग करतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. रुग्णांना पाणी पाजायचं काम तिथे त्यांच्या नातेवाइकांनीच केलं होतं. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण तुमच्या घरात हे काम कोणी करायचं, हा पुढे महत्त्वाचा प्रश्न आहे.

ओआरएस देताना होणाऱ्या चुका जवळपास घरोघरी सारख्याच असतात. वीस ते बावीस ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि चार-साडेचार ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट फोडून चमचाभर पावडर पेल्यात टाकायची आणि उरलेल्याला रबर लावून ठेवायचं, ही सर्रास होणारी चूक. अशाने पाणी कधी फार खारट होतं, कधी फार पातळ. खारट पाण्याने मुलाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं आणि पातळ पाण्याने नुकसान भरून येत नाही. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, उकळून थंड केलेलं पाणी तिच्यात मोजा, ते स्वच्छ पातेल्यात ओतून पूर्ण पाकीट त्यात टाका आणि ढवळा. हे पाणी पुन्हा उकळायचं नाही, त्यात साखर किंवा दूध घालायचं नाही. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं.

तुमच्या मुलाच्या वयाला प्रत्येक पातळ शीनंतर १०० ते २०० मिलिलिटर द्या. दोन वर्षांखालच्या मुलांना ५० ते १०० पुरे. बाटलीने घटाघट पाजू नका, वाटी-चमच्याने मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश सुरू करा. ‘पोटात काही ठरतच नाही’ म्हणून पालक ओआरएस बंद करतात, तेव्हा बहुतेकदा वेग चुकलेला असतो.

दुकानातून आणताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, ते बघा. एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असं ते आहे. ओआरएस असं नाव छापलेली गोड पेयं खोक्यांतून वर्षानुवर्षं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव लावायला मनाई केली. त्या पेयांत, पॅकबंद फळांच्या रसांत आणि कोल्ड्रिंकमध्ये साखर इतकी असते की ती उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

रात्री-बेरात्री पाकीट मिळालं नाही, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चमच्याला शीग लागलेली नको, सुरीच्या पाठीने ती काढून टाका. चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागली तर मीठ जास्त झालं, ते पाणी फेकून पुन्हा करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळ होताच पाकीट आणायचं.

झिंकबद्दल एवढंच : सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, सलग चौदा दिवस. जुलाब थांबले की लोक तिसऱ्या दिवशी बंद करतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्याने कमी होते, पण त्यासाठी चौदा दिवस पुरे करावे लागतात. एकाच पावसाळ्यात दोनदा त्रास झाला, म्हणून पहिल्या वेळी झिंक किती दिवस दिलं गेलं ते आठवून बघा.

आता सहाणेकडे वळू. ‘त्या रात्री मूल शांत झोपलं’ हे तुमच्या पत्रातलं आम्हाला सर्वांत काळजीचं वाटलेलं वाक्य आहे. जायफळ गुंगी आणतं. ते पोटासाठी आणि झोपेसाठी दिलं जातं ते याच गुणामुळे. पण जुलाब झालेलं मूल मलूल होणं, झोपाळणं, हाक मारली तरी डोळे न उघडणं ही शरीरातलं पाणी कमी झाल्याचीही खूण असते. मूल जायफळाने झोपलंय की पाणी कमी झाल्याने ग्लानीत गेलंय, हे रात्री दोन वाजता घरात कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय झोपलेलं मूल पाणी पीत नाही, म्हणजे जे सहा-सात तास भरपाईचे, तेच वाया जातात. प्रमाणाचीही अडचण आहे. आपण वेढ्यांत मोजतो, पण सहाण किती खरखरीत आहे, जायफळ जुनं की ताजं, हात किती जड, यावर एका वेढ्यात उतरणारा अंश बदलतो. आजीचे दोन वेढे आणि आत्याचे दोन वेढे सारखे नसतात. जास्त जायफळाने मोठ्या माणसांनाही धडधड, भ्रम, ओकाऱ्या होतात. तेव्हा जुलाबात लहान मुलाला जायफळ नाही, यावर मात्र तडजोड करू नका. घरात वर्षाआतलं बाळ कधी आलं, तर गुटीतला मधही नको. मधातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. आणि कुठल्याही नावाखाली अफू असलेली गोळी मुलाला नको. आतड्याची हालचाल बंद पाडणाऱ्या लोपेरामाइडसारख्या दुकानातल्या गोळ्याही नकोत. शी दिसत नाही, पण आत पाणी साचत राहतं, पोट फुगतं आणि आजार झाकला जातो.

कुड्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती आदराने सांगायला हवी. पांढरा कुडा हे सह्याद्रीतलं झाड. कोकणात त्याच्या फुलांची आणि शेंगांची भाजी करतात. सालीत कोनेसिन नावाचं अल्कलॉइड असतं. ते अमिबावर काम करतं आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमिबाच्या आवेवर कुड्यापासून केलेली औषधं आधुनिक डॉक्टरही वापरत होते. पुढे मेट्रोनिडाझोलसारखी जास्त खात्रीची औषधं आली आणि ती मागे पडली. म्हणजे आव पडण्यावर कुडा द्यायची परंपरा हवेतली नाही. पण यातूनच त्याची मर्यादाही कळते. तुमच्या मुलाला अमिबाची आव झालीच नव्हती, पाण्यासारखे जुलाब होते. या वयात अमिबा हे कारण क्वचितच असतं. आजार एक आणि औषध दुसऱ्याच आजाराचं, असं इथे झालं.

दुसरी अडचण बाजारातली. मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधीच्या दुकानांत ‘कुड्याची साल’ मागितली की पांढऱ्या कुड्याचीच मिळेल असं नाही. काळ्या कुड्याची साल त्यात मिसळलेली किंवा त्याऐवजी दिलेली सापडते. बियांच्या बाबतीत दुकानदार कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव असा फरक तरी करतात : कडू पांढऱ्या कुड्याचे, गोड काळ्या कुड्याचे. सालीला असं वेगळं नाव नाही. तुकडा जिभेवर ठेवून चावला की पांढऱ्या कुड्याची साल चांगलीच कडू लागते आणि ती चव रेंगाळते. फिकी, नुसती तुरट लागली तर घेऊ नका. बुरशीचा वास, पांढरी पूड किंवा किडीची भोकं असली तरीही नको.

मोठ्या, एरवी निरोगी माणसाला आवेचा, चिकट, मुरडा येऊन होणारा त्रास असेल, ताप आणि रक्त नसेल, तर वैद्यांना विचारून कुड्याचा काढा घेता येतो. सालीची भरड दहा ग्रॅम, पाणी १६० मिलिलिटर, झाकण न ठेवता मंद आचेवर चौथा हिस्सा म्हणजे ४० मिलिलिटर उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. बारीक पूड घेतली तर काढा गढूळ होतो आणि गाळताना निम्मा फडक्यात राहतो, म्हणून भरडच हवी. काढा पिऊन मळमळ किंवा चक्कर आली तर पुढचा डोस घ्यायचा नाही. दोन दिवसांत फरक नसेल तर काढा वाढवत बसू नका, शी तपासून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. लहान मुलांसाठी हा काढा घरी करायचाच नाही.

सासूबाईंना एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. चरकसंहितेच्या अतिसाराच्या प्रकरणातच बजावलंय की आम असताना, म्हणजे सुरुवातीच्या अवस्थेत, बांधून ठेवणारी औषधं देऊ नयेत. जे बाहेर पडायचं ते पडू द्यावं, पाचक आणि हलकं द्यावं, तुरट औषधाची वेळ नंतर येते. दुसऱ्याच दिवशी जुलाब ‘बांधायला’ घेणं आयुर्वेदालाही धरून नाही. म्हणजे ‘आपलं’ आणि ‘डॉक्टरांचं’ यांत जेवढं भांडण घरात दिसतं, तेवढं ते या मुद्द्यावर मुळात नाहीच.

बेलाच्या बाबतीत फार मोठी गल्लत होते आणि सासरे नेमकी तीच करत आहेत. कोवळं बेलफळ तुरट असतं, त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते मळ बांधतं. पिकलेलं फळ सारक असतं. सरबत नेहमी पिकलेल्या, सुवासिक, नारिंगी चिकट गराच्या फळाचं होतं. म्हणजे जुलाब होत असताना पोट सैल करणारं फळ आणि वर चार चमचे साखर. औषध म्हणून हवं ते हिरवं, कठीण कवचाचं, फिकट घट्ट गराचं फळ. त्याच्या चकत्या सावलीत वाळवून पूड करतात. मोठ्या माणसाला तीन ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, ताकातून दिवसातून दोनदा. पूड कुठल्या फळाची हे डबीवर लिहिलेलं नसेल तर विकत घेऊ नका. बेलमुरंबाही कोवळ्या फळाचाच असतो, पण तो पाकात मुरलेला, म्हणून मधुमेह असलेल्यांना चालणार नाही.

सासऱ्यांबद्दल आम्हाला मुलापेक्षा कमी काळजी वाटत नाही. कुटजारिष्टात गूळ असतो आणि आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, कमीजास्त पाच ते दहा टक्के. मधुमेहात दोन्ही नको. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलेलं असेल तर त्याच्यासोबत अल्कोहोल टाळायला सांगतात, आणि अरिष्ट म्हणजे अल्कोहोल हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘साइड इफेक्ट नसतात’ या यजमानांच्या म्हणण्याला ही एक बाटलीच उत्तर आहे. ज्याचा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, मग ते झाडाच्या सालीतून आलेलं असो की कारखान्यातून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या रोजच्या गोळ्या. मेटफॉर्मिन, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या जुलाबाने पाणी कमी झालेलं असताना चालू राहिल्या, तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘जुलाब चालू आहेत, या गोळ्यांचं काय करू?’ एवढं विचारायचं. ओआरएसमध्ये ग्लुकोज आहे म्हणून मधुमेहाची माणसं ते टाळतात. एका लिटरला साडेतेरा ग्रॅम म्हणजे फार नाही. ते जरूर घ्यायचं आणि साखर तपासत राहायची.

डाळिंबाची साल हा पुण्यात सहज मिळणारा आणि मोठ्यांसाठी उपयोगी पडणारा उपाय. पाच ग्रॅम वाळलेली साल दोन कप पाण्यात निम्मी आटवून, अर्धा-अर्धा कप दोन वेळा. टॅनिन आतड्याच्या अस्तरावर तुरटपणाने काम करतं आणि पाझर कमी होतो. फक्त फळाचीच साल वापरा. झाडाच्या मुळाची साल विषारी ठरू शकते. डाळिंबावर फवारण्या भरपूर होतात, म्हणून साल वाळवण्याआधी चोळून धुवा. आणि झिंक किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि या काढ्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर टॅनिन त्या गोळीला धरून ठेवतं. तीच गोष्ट कोऱ्या चहाची. इसबगोलाने शी घट्ट दिसते, पण भुसा पाणी धरतो म्हणून. शरीरातून जाणारं पाणी तेवढ्याने थांबत नाही, त्यामुळे दिसण्यावर फसू नका.

झाडातून जुलाबावर खात्रीचं औषध निघूच शकत नाही, असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक आहे. ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका क्रोटन वृक्षाच्या लाल चिकापासून क्रोफेलेमर हे औषध तयार झालं. आतड्यात क्लोराइड आणि पाणी सोडणारी दारं ते बंद करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली एचआयव्हीच्या रुग्णांच्या जुलाबासाठी त्याला मान्यता दिली. आपल्या दारुहळदीतल्या बर्बेरिनचाही जुलाबावर अभ्यास झाला आहे. पण दोन्ही ठिकाणी घटक वेगळा काढला, मोजला, कोणत्या जुलाबावर चालतो ते तपासलं. सहाणेवरच्या वेढ्याला हे काहीच झालेलं नसतं.

आता स्वयंपाकघर, कारण सासूबाईंची खरी ताकद तिथे आहे. साळीच्या लाह्यांचं पाणी, तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं कढण, ताजं गोडं ताक, उकडलेलं कच्चं केळं, मऊ भात आणि त्यावर थोडं तूप, हे सगळं आपल्या घरांतलं आणि सगळं योग्य. भाताच्या पिठुळपणातून ग्लुकोज हळूहळू सुटतं आणि मिठाबरोबर तीच वाट धरतं, म्हणून खारी पेज ओआरएसच्या बरोबरीने देता येते. मूठभर तांदूळ लिटरभर पाण्यात अगदी विरघळेपर्यंत शिजवा, आटलेलं पाणी पुन्हा लिटरभर करा, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घाला. घट्ट झाली तर मूल पीत नाही, पेल्यातून ओतता यायला हवी. मुलाला उपाशी ठेवू नका. मोठ्यांसाठी सांगितलेलं लंघन लहान मुलांना लागू नाही. स्तनपान चालू असेल तर ते अजिबात थांबवायचं नाही.

सासूबाईंशी बोलताना ‘तुमचं औषध बंद’ अशी सुरुवात करू नका. त्यांच्या हाती काम द्या. ‘आई, याला दर दोन मिनिटांनी चमचा द्यायचाय, तुमच्याइतकं धीराने कोणी देणार नाही. लाह्यांचं पाणीही तुम्हीच करा.’ हे गोड बोलून वेळ मारून नेणं नाही. ओआरएस फसतं ते बहुतेक वेळा पाजणारं माणूस कंटाळल्यामुळे, आणि आजीसारखा धीर घरात दुसऱ्या कोणाकडे नसतो. फ्रीजवर एक कागद लावा : किती वाजता किती पाजलं, शी किती वेळा, लघवी किती वेळा. लघवी दिसली की त्यांनाच समाधान वाटेल. कुडा द्यायचाच आग्रह असेल तर बाळाला बालरोग जाणणाऱ्या बीएएमएस-एमडी वैद्यांकडे सोबत घेऊन जा आणि प्रमाण त्यांना ठरवू द्या.

डॉक्टरांपासून लपवू नका. ‘काल रात्री जायफळाचे चार वेढे आणि कुड्याच्या सालीचे दोन दिले,’ इतकं नेमकं सांगा, सालीचा तुकडा बरोबर न्या. ते रागावले तरी रागावू द्या. मलूल मूल समोर आल्यावर त्याला गुंगीचं काही दिलंय का, हे कळणं त्यांना फार गरजेचं असतं.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर घरचं काहीही करत न बसता दवाखाना गाठायचा. शीत रक्त. डोळे खोल गेलेले. सहा-आठ तास लघवी नाही. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही. मूल पाणी पिऊ शकत नाही किंवा प्रत्येक घोट उलटून पडतो. हाक मारली तर नीट प्रतिसाद नाही. पोट फुगलंय, ताप जास्त आहे. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर यांतलं काही नसतानाही दाखवायचं. मोठ्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखी पांढरट, भरमसाट शी होत असेल तर कॉलऱ्याची शक्यता धरून तासाभरात निघायचं, ओआरएस वाटेतही चालू ठेवायचं. चौदा दिवसांहून जास्त चाललेल्या जुलाबाला काढे देत राहणं म्हणजे निदान लांबवणं.

तुमच्या भागासाठी आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि त्यांतल्या अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू सापडला. जुलाब बरे झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत हातापायांना मुंग्या, पायांत जोर नाही, जिना चढवत नाही, मुलाच्या बाबतीत चालतं मूल अचानक चालेना, असं दिसलं तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. हा आजार फार क्वचित होतो, पण लवकर ओळखला तर उपचार आहेत.

एकाच पावसाळ्यात दोनदा म्हटल्यावर पाण्याकडे बघायलाच हवं. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या आणि झाकून ठेवा. त्यात ओगराळं बुडवा, हात नाही. फिल्टरचं पाणीही पावसाळ्यात उकळा, कारण घोटाळा बऱ्याचदा साठवणुकीच्या टाकीत आणि नळाच्या जोडांत असतो. चिकन आतपर्यंत शिजू द्या आणि कच्च्या चिकनची पाटी-सुरी कोशिंबिरीला वापरू नका. मुलाची शी काढल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा, आजीचेही. मुलाला रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळाली होती का, हे लसीकरण कार्डावर पाहून ठेवा. त्याचं ती लस घेण्याचं वय आता उलटून गेलं आहे, पण घरात पुढचं बाळ आलं तर ती चुकवू नका. आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागा : टाकी शेवटची कधी धुतली त्याची तारीख, आणि टँकर आल्यावर क्लोरीनची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी. थेंबभर द्रावण टाकल्यावर टँकरच्या पाण्याला पिवळसर छटा यायला हवी. प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. पाणी तसंच पांढरं राहिलं, तर त्या दिवशी टँकर परत पाठवायचा.